रिकाम्या रकान्याचं कूळ

श्यामलाल: नाही म्हंजे नाही, बाई. मशीननं सांगतलं नं? एकच कूळ. आता त्याच्यावर काय बोलाचं?

भूमेश्वरी: मोठेबाबा, त्या मशीनचा प्रोग्राम कोणी लिहिला?

श्यामलाल: तूनंच लिवला, या हेमेंद्रसंगं. म्हणून तं माहा जास्त भरोसा. परक्याच्या मशीननं म्हटलं असतं तं मी दहादा पाहून घेतलं असतं. घरच्या पोरीनं, सख्ख्या पुतणीनं बनवलेली मशीन, ते घरच्याच पोरीले नाही म्हणून राहिली, म्हंजे किती इमानदार असंल!

हेमेंद्र: काकाजी, एकदा परत चालवून बघतो. दस मिनट.

श्यामलाल: तू नोको काही करू बाबू. तू बस, चहा पी. शालीकराम बाराच्या गाडीनं बालाघाटले चालला. तुह्या बाबूजीच्या नावानं चिठ्ठी देल्ली मी त्याच्यापाशी. "आपलं कूळ एक निघालं. उद्या नागऱ्याच्या परिचय मेळाव्यात आमच्या भूमेश्वरीची गोष्ट काढू नये. राग मानू नये."

भूमेश्वरी: चिठ्ठी पण लिहिली?

श्यामलाल: मंग? अशी गोष्ट फोनवर सांगत नसतात. नाही म्हणाचं असंल तं माणूस पाठवा लागते.

हेमेंद्र: काकाजी, ज्या मुलाले नाही म्हणायचं, तो मुलगा इथंच बसला आहे.

श्यामलाल: दिसून राहिला नं. म्हणून तं घास उतरला नाही सकाळपासून. तुले सांगतो हेमेंद्र, मले पोरगा पसंत होता. नागपूरले नोकरी, बोलणं साधं, दोन महिने झाले दर रविवारी येऊन समाजाचं काम फुकट करून राहिला. मी मनात म्हटलं होतं, हाच. पण कूळ एक म्हंजे भाऊ-बहीण. पोवारात छत्तीस कुळं, पस्तीस मोकळी. नेमकं तुलेच आमचं भेटलं!

भूमेश्वरी: फॉर्मवर आडनाव पटेल. आमचं कूळ तुरकर आहे हे मशीनले सांगितलं कोणी?

श्यामलाल: तिले कळलं असंल. अन् मले तं जुनी गोष्ट माहीत हाये. आमच्या पणजोबाचा धाकटा भाऊ धानाच्या बांधीच्या पाण्यावरून भांडला अन् बाघ नदीपल्याड निघून गेला. परत आला नाही. तिकडं कोण्या गावची चौधरकी भेटली असंल, तं चौधरी लावलं असंल. मशीननं बरोबर पकडलं.

हेमेंद्र: काकाजी, मशीनमध्ये तुमच्या पणजोबांचा भाऊ नाही आहे. कसम से.

भूमेश्वरी: हेमेंद्र, तुम्ही लॅपटॉप उघडा. कालच्याच तीनशे बारा फॉर्मची फाईल, तोच प्रोग्राम. मोठेबाबा, चष्मा लावा अन् स्वतः वाचा. हा माझा लॅपटॉप.

श्यामलाल: "भूमेश्वरी पटेल, हेमेंद्र चौधरी. विचारा." विचारा? कोणाले विचारा?

भूमेश्वरी: थांबा. हा आपल्या ऑफिसचा कॉम्प्युटर, विंडोजवाला.

श्यामलाल: इथं बी "विचारा".

भूमेश्वरी: अन् आता हा लहाना कॉम्प्युटर. ज्याच्यातून तुम्ही काल यादी छापली.

श्यामलाल: "एकच कूळ. नाही." काल हेच आलं होतं. म्हंजे तीन मशीन, दोन गोष्टी? प्रोग्राम एकच म्हणता नं तुमी?

हेमेंद्र: लिहिलेला एकच आहे. अक्षर न् अक्षर तोच.

श्यामलाल: मंग हा लहानाच काऊन वेगळा बोलून राहिला? तूनंच आणला हा, हेमेंद्र. ताशाच्या पत्त्याएवढं मशीन. म्हणे नागऱ्याच्या मंडपात लाइन गेली तरी गाडीच्या बॅटरीवर चालते.

हेमेंद्र: चालते तर आहे, काकाजी.

श्यामलाल: चालते, पण घर मोडून राहिली! बाप्पा, केशोरावले कळलं तं? तो अजून जोड्या जुळवाची वही काखेत घेऊन फिरते. सहा महिने भांडलो मी त्याच्याशी कमिटीत. भर सभेत म्हटलं, माणूस चुकते, मशीन चुकत नाही. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. आता उद्या माइकवर काय, कान पकडू?

भूमेश्वरी: कान मंग पकडा. आधी हे सांगा, काल "नाही" किती जोड्यांले आलं?

श्यामलाल: ज्याइचं आडनाव एक, त्याइले तं येणारच. ते सोडून बारा.

भूमेश्वरी: बारा? अन् आडनाव वेगळं असून? वाचा बरं नावं.

श्यामलाल: पोट्टे चार. चौधरी, महाजन, देशमुख, अन् तो आमगावकडचा अजून एक महाजन. पोट्ट्या तीन. आपली तू, मंग दुसऱ्या गावच्या अजून दोघी पटेल. चार तिरीक बारा. सारे मोठे घरचे बरं.

भूमेश्वरी: सगळे मानाचे आडनाववाले, आडनावावरून कूळ कळतच नाही असे. आता त्यांचे फॉर्म काढा. कूळ या रकान्यात काय लिहिलं?

श्यामलाल: याच्यात... काही नाही. याच्यातबी नाही. हे बी कोरं.

भूमेश्वरी: सातही कोरे. कायले?

श्यामलाल: अवो, मोठी घरं हायेत हे. त्याइले कोणी कूळ विचारते का? गावात आवाज देल्ला तं कुत्रं बी सांगन, हे देशमुखाचं घर.

भूमेश्वरी: अन् माझा फॉर्म कोणी भरला?

श्यामलाल: मीनंच.

भूमेश्वरी: मंग तुरकर काऊन नाही लिहिलं?

श्यामलाल: अध्यक्षाच्या घरचं कूळ कोणाले माहीत नाही वो!

भूमेश्वरी: मशीनले.

हेमेंद्र: काकाजी, मी तर खरंच माहीत नव्हतं म्हणून रिकामं सोडलं. पापांना विचारलं, तर म्हणाले, चौधरी लिख दे, बहुत है.

श्यामलाल: पाय बरं! तुह्या बाबूजीचा अन् माहा स्वभाव जुळते. बरं, रकाना रिकामा. मंग मशीननं रिकामं म्हणावं. एकच कूळ कायले म्हणाचं?

भूमेश्वरी: तेच शोधून राहिलो. हेमेंद्र, कूळ कशात ठेवलं तुम्ही?

हेमेंद्र: आकडे ठेवायच्या सगळ्यात छोट्या डब्यात. कॅर म्हणतात त्याले. छत्तीसच तर आकडे आहेत, बडा डब्बा कशाला वाया घालवायचा? बिसेन एक, तुरकर दोन, असे छत्तीसपर्यंत. अन् रकाना रिकामा असेल तर मायनस एक. शून्याच्या खाली दिसलं की "विचारा" छापायचं.

भूमेश्वरी: अन् या लहान्याची चिप कोणती? लॅपटॉपसारखी नाही. मोबाईलमध्ये असते तसली.

हेमेंद्र: अरे यार.

श्यामलाल: काय झालं?

हेमेंद्र: अरे यार, अरे यार, अरे यार.

श्यामलाल: अवो याले पाणी दे.

भूमेश्वरी: मोठेबाबा, सोपं आहे, ऐका. आम्ही जे लिहितो ते मशीनले समजत नाही. मधात एक कंपायलर असते, ते आमचं लिहिलेलं त्या-त्या चिपच्या भाषेत करून देते. लॅपटॉपवर त्याची समजूत अशी, की छोट्या डब्यात शून्याच्या खालचा आकडाबी राहू शकते. या लहान्यावर त्याची समजूत दुसरी. इथं छोटा डबा शून्यापासून वरच मोजते. मायनस एक टाकला तं मीटर मांग फिरल्यासारखं होऊन सगळ्यात वरचा आकडा येते, दोनशे पंचावन्न.

श्यामलाल: बाप्पा! एवढी वाढ?

भूमेश्वरी: शून्याच्या खाली काहीच नाही दिसलं, म्हणून "विचारा" छापलं नाही. त्याले वाटलं, हे दोनशे पंचावन्न नंबरचं कूळ आहे. माझं दोनशे पंचावन्न, याचं दोनशे पंचावन्न, महाजनाचं बी तेच.

श्यामलाल: म्हंजे आमी साऱ्या मोठ्या लोकाइनं मिळून सदतिसावं कूळ काढलं?

हेमेंद्र: ऐसाच समजा, काकाजी.

श्यामलाल: अन् तुमाले आधी नाही समजलं हे? एवढे शिकले तुमी!

भूमेश्वरी: मले पण तेच विचारायचं आहे. हेमेंद्र, बिल्ड फाईल दाखवा, कंपायलरले काय सांगायचं ते ज्याच्यात लिहिलं. हे काय आहे? विंडोज असेल तं हे ऑप्शन, लिनक्स असेल तं हे ऑप्शन. अन् लहान्याचं कुठं आहे?

हेमेंद्र: त्यावर पण लिनक्सच आहे ना, तर त्यानं लिनक्सवालेच घेतले. बिना चूं-चपड बनलं. मले वाटलं, झालं काम.

भूमेश्वरी: नाव विचारलं, घरात कोण आहे, चिप कोणती आहे, ते नाही विचारलं. अन् हे इथं डब्ल्यू कायले टाकला तू? सूचना बंद?

हेमेंद्र: दो-ढाई सौ सूचना यायच्या गं. स्क्रीन भरून जायचा.

भूमेश्वरी: तं वाचायच्या! त्यासाठीच तं असतात. काढ तो डब्ल्यू, अन् सगळ्या सूचना चालू कर. आता बनव लहान्यावर. ...हे बघ. ओळ चारशे सहा. "ही तुलना कधीच खरी होणार नाही."

श्यामलाल: हे कोण बोललं?

भूमेश्वरी: कंपायलर. "तुम्ही शून्याच्या खाली आहे का विचारता, पण या मशीनवर हा डबा शून्याच्या खाली जातच नाही," असं सांगून राहिलं.

श्यामलाल: म्हंजे ते बिचारं आधीच सांगून राहिलं होतं, अन् यानं त्याचं तोंड बांधून ठेवलं?

हेमेंद्र: हो जी.

श्यामलाल: मंग हेमेंद्र बाबू, तुले तुह्याच हातानं "नाही" आलं बरं.

भूमेश्वरी: नंतर हसा, मोठेबाबा. अकरा वाजून दहा झाले. आधी शालीकराम काकाले थांबवा.

श्यामलाल: अजून मशीन कुठं हो म्हटलं?

भूमेश्वरी: "नाही" तं खोटं निघालं नं? खोट्या गोष्टीची चिठ्ठी घेऊन माणूस जाईल का तुमच्या नावानं?

श्यामलाल: हे बरोबर बोलली तू. शालीकराम! ए शालीकराम! टपरीवर असंल तो. आलोच मी.

(श्यामलाल बाहेर जातात. खोलीत दोघंच.)

हेमेंद्र: भूमी, सॉरी यार.

भूमेश्वरी: सॉरी नंतर. हे ऑप्शन कुठं टाकून राहिला? सगळ्यांच्या सामाईक ओळीत नको टाकू.

हेमेंद्र: एफ-साइन्ड-कॅर. मतलब "छोटा डबा मायनस पण धरते" म्हणून सगळीकडं सांगून टाकतो. टंटाच खतम.

भूमेश्वरी: अन् विंडोजचं कंपायलर वेगळ्या घरचं आहे. त्याले हा शब्दच माहीत नाही. बनवून बघ.

हेमेंद्र: हां... "अनोळखी ऑप्शन, दुर्लक्ष करतो." कुरकुर करून राहिलं.

भूमेश्वरी: उद्या त्या कुरकुरीचा कंटाळा आला की तू परत तोंड बांधशील. म्हणून आधी विचार, कंपायलर कोणतं आहे. मंग विचार, चिप कोणती आहे. ज्याले जे समजते तेच त्याले सांग. लहान्यासाठी वेगळा भाग कर, वरून लिहून ठेव कायले टाकलं ते.

हेमेंद्र: अन् प्रोग्राममध्येच डब्याले साफ-साफ "साइन्ड" लिहिलं तर? ते जास्त पक्कं.

भूमेश्वरी: पक्कं तेच आहे. पण चार हजार ओळीत कुठं कुठं छोटे डबे ठेवले तूनं, आठवते का? उद्या मेळावा आहे. आज ऑप्शन टाक, पुढच्या रविवारी एकेक डबा शोधू.

हेमेंद्र: पुढच्या रविवारी मले येऊ देतील का इथं?

भूमेश्वरी: तेच तं.

हेमेंद्र: एक बात बोलू? हे दुरुस्त केलं तर "विचारा" येईल. मंग काकाजी विचारतील. अन् आमचे आजोबा बोलले, "तुरकर", तर? तो नदी पार करून गेलेला तुमचा पूर्वज खरंच आमचाच निघाला तर? त्यापेक्षा आपण दोघांच्या रकान्यात काही पण लिहून टाकू. छत्तीस आहेत, कोण तपासते?

भूमेश्वरी: परत बोल.

हेमेंद्र: ...मजाक करत होतो.

भूमेश्वरी: तू मजाक नव्हता करत. मले भीती वाटून राहिली रे, रात्रभर झोपली नाही मी. मले तूच पाहिजे, अन् हे मी कोणाले बोलू शकत नाही म्हणून तं मेळाव्याच्या फॉर्मची नाटकं केली आपण. पण खोटं लिहून नाही. तुरकर निघालं तं नागपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून महिनाभर रडीन. पण विचारून रडीन. बनव.

हेमेंद्र: बनवतो. ...झालं. सूचना किती उरल्या बघ.

भूमेश्वरी: सतरा. त्या पण वाचू. चालव आता लहान्यावर.

श्यामलाल: सापडला! पानाच्या टपरीवरच होता. चिठ्ठी घेतली वापस, अन् त्याले म्हटलं, पान मी खिलवतो पण तू गाडीत बसू नोको. काय म्हणून राहिला लहाना?

हेमेंद्र: वाचा, काकाजी. तुम्हीच वाचा.

श्यामलाल: "भूमेश्वरी पटेल, हेमेंद्र चौधरी. विचारा." खाली बी "विचारा". बाराच्या बारा "विचारा". म्हंजे हो नाही म्हणत.

भूमेश्वरी: नाही म्हणत.

श्यामलाल: नाही बी नाही म्हणत.

भूमेश्वरी: मले माहीत नाही, असं म्हणून राहिली. अन् खरं तेच आहे.

श्यामलाल: नऊ वर्षं झाले मले अध्यक्ष होऊन. एकदाबी मी लोकाइपुढं "मले माहीत नाही" असं म्हटलं नाही. या पत्त्याएवढ्या मशीनले काहीच लाज नाही वाटत? ...बरं. मंग विचारा लागंल. कोणाले विचारू, हेमेंद्र? बाबूजी तं चौधरी सांगून मोकळे होतात.

हेमेंद्र: आजोबांना. दुलीचंद चौधरी. त्यांना सात पिढ्या पाठ आहेत. फक्त कान थोडे कमजोर.

भूमेश्वरी: पण फोनवर कसं? तुम्ही तं म्हणता माणूस पाठवा लागते.

श्यामलाल: ते "नाही" म्हणाचं असंल तं. विचाराले फोन चालते. लाव.

हेमेंद्र: दादाजी? हां, मी हेमेंद्र. गोंदियाहून. मेळाव्याचे अध्यक्ष बात करतील तुमच्याशी. अध्यक्ष! हां. घ्या काकाजी, जोरानं बोला.

श्यामलाल: राम राम जी, दुलीचंदजी! मी श्यामलाल पटेल. पटेल! हो, तब्येत बरी हाये. हो, धान निघालं. नाही, तुडतुडा होता थोडा. ऐका जी, एक विचाराचं होतं. तुमचं कूळ कोणतं? ...हो, चौधरी ते माहीत हाये. चौधरीच्या मांगचं. कूळ, कूळ! ...काय म्हणता? परत सांगा, इथं पंखा आवाज करून राहिला. हेमेंद्र, पंखा बंद कर. हां, सांगा. ...बिसेन? बिसेनच नं? नक्की?

भूमेश्वरी: मोठेबाबा...

श्यामलाल: थांब वो. हां जी, ऐकून राहिलो. पोवार धारहून निघाले तवापासून बिसेन. हो. आमी तुरकर. नाही जी, एक नाही! दोन वेगळे! ...अन् आमच्या पणजोबाचा भाऊ तिकडं आला होता म्हणतात, भांडून... हो का? लांजीकडं? त्याइचे पणतू अजून तुरकरच लावतात? बाप्पा, दुलीचंदजी, तुमी तं आमचाबी माणूस शोधून देल्ला! एक मिनिट थांबा हां. फोन ठेवू नोका.

हेमेंद्र: बिसेन. आम्ही बिसेन. मले आज समजून राहिलं.

श्यामलाल: लिव बाबू रकान्यात, आपल्या हातानं. अन् आमचंबी लिव. अजून पाच घरं राहिले. त्याइच्याकडं दुपारी मी सोता जातो, रकाने भराले. अन् उद्या केशोरावनं काही म्हणाच्या आधी मीच माइकवर सांगीन, की बाप्पाहो, मशीन चुकली, अन् पयला रिकामा रकाना अध्यक्षाच्या घरचा होता.

भूमेश्वरी: खरंच सांगाल?

श्यामलाल: सांगा लागंल नं. वहीत बी तो रकाना रिकामाच राहिला असता, केशोरावलेबी समजू दे. ...आता रडून काऊन राहिली वो? वेगळं निघालं नं कूळ?

भूमेश्वरी: काही नाही. पंखा बंद आहे, घाम आला.

श्यामलाल: घाम डोळ्यातून येते का? मले काय दिसत नाही का, बाई? दोन महिने झाले, माह्यापुढं एकमेकाले "तुम्ही, तुम्ही" करता, अन् चिडली का "तू" निघते तुह्या तोंडातून. पोहे एकाच डब्यातून खाता. मी चिठ्ठी लिवली तवा माहा हात दोनदा थांबला, पण तुले आवाज नाही देल्ला मी. आजोबाले विचारलं, मशीनले विचारलं, तुलेच नाही विचारलं. तं आता विचारतो. पसंत हाये का तुले हा पोरगा?

भूमेश्वरी: आहे, मोठेबाबा. पहिल्यापासून आहे.

श्यामलाल: मंग हा घे. म्हातारा लाइनवरच थांबून हाये. तूच बोल.

भूमेश्वरी: नमस्कार, आजोबाजी. मी भूमेश्वरी.